हे परीक्षेला आहे का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका म्युझियमच्या स्टोअररूममध्ये आम्ही तेरा जण दाटीवाटीने उभे होतो. बाहेर इथला नेहमीचा पाऊस, आत नेहमीची थंडी, हातात निळे रबरी मोजे. समोरच्या टेबलावर पांढऱ्या फोमवर चार वस्तू मांडलेल्या होत्या. पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावरची लाकडी गदा, पश्चिम आफ्रिकेतलं कोरीव स्टूल, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा शिंगाचा चमचा आणि भारतातली वीतभर उंचीची मातीची मूर्ती. मुलं कला-इतिहासाच्या पहिल्या वर्षाची. मी त्यांची ट्यूटर, म्हणजे पीएचडी करता करता तासांवर शिकवणारी.

मुलं खूश होती. स्लाइडवर बघणं वेगळं आणि वस्तू हातात घेणं वेगळं. वीस मिनिटं नुसतं 'वॉव' चाललं होतं. मग एका मुलीने वही उघडली आणि विचारलं, "हे परीक्षेला आहे का?"

आपल्याकडे हा प्रश्न विचारला की सर चिडतात. मीही क्षणभर चिडले. मग लक्षात आलं, की सगळ्यांत नेमका प्रश्न तिनेच विचारलाय. कारण उत्तर 'नाही' असं होतं. अकरा आठवड्यांच्या कोर्समधला हा एक आठवडा. वाचनयादीत त्याच्या वाट्याला एक लेख, तोही 'जमल्यास वाचा' या सदरात. निबंधासाठी दिलेल्या आठ विषयांत या टेबलावरची एकही वस्तू नाही. कोर्सच्या माहितीपत्रकात मात्र पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं, की हा अभ्यासक्रम जागतिक आहे.

माझ्या प्रबंधाचा एक भाग नेमका यावर आहे: विद्यापीठातलं कला-इतिहासाचं शिक्षण युरोपबाहेर न्यायचं म्हणून म्युझियममधले 'वर्ल्ड कल्चर्स' संग्रह वापरतात, त्यातून खरोखर काय होतं? माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वस्तू वर्गात आणली एवढ्याने अभ्यासक्रम बदलत नाही. जे प्रश्न आपण टिशियनच्या चित्राला विचारतो तेच त्या चमच्याला विचारले आणि त्या उत्तरांना मार्क दिले, तर बदलतो. आता हे जरा सविस्तर सांगते.

आधी हा शब्द कुठून आला ते बघू

'वर्ल्ड कल्चर्स' ही म्युझियमवाल्यांची भाषा आहे. पूर्वी याच विभागाच्या दारावर 'एथ्नोग्राफी' अशी पाटी असायची. मँचेस्टर म्युझियममध्ये याला 'लिव्हिंग कल्चर्स' म्हणतात. पाटी बदलली, पण वस्तू त्याच: आफ्रिका, पॅसिफिक, अमेरिकेतले मूळ रहिवासी आणि आशियाचा बराचसा भाग. म्हणजे 'वर्ल्ड' म्हणताना त्यात युरोप सहसा नसतो! आपल्या घरातले कपडे कपाटात आणि पाहुण्यांचे दांडीवर, तसं काहीसं.

ही विभागणी आपोआप झालेली नाही. ऑक्सफर्डचं उदाहरण घ्या. १८८४ साली जनरल पिट-रिव्हर्स यांनी आपला प्रचंड संग्रह विद्यापीठाला दिला आणि पिट रिव्हर्स म्युझियम सुरू झालं. देणगीच्या अटींत एक अट शिकवण्याची होती: विद्यापीठाने मानवशास्त्राचा व्याख्याता नेमायचा. तसे एडवर्ड टायलर नेमले गेले. पुढे १८८६ मध्ये त्याच विद्यापीठाच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममधल्या एथ्नोग्राफिक वस्तूही पिट रिव्हर्सकडे हलवल्या. आता बघा काय झालं. चित्रं, शिल्पं, ग्रीक भांडी एका इमारतीत. मुखवटे, होड्या, टोपल्या दुसऱ्या इमारतीत. एका इमारतीतल्या वस्तूंवर पुढे कला-इतिहासाची पुस्तकं लिहिली गेली, दुसरीतल्या वस्तूंवर मानवशास्त्राची. दोन्ही इमारतींमधलं अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचं आहे. कला-इतिहासाला ते पार करायला शंभर वर्षं लागली.

पुस्तकांचंही तेच. गॉम्ब्रिच यांचं 'द स्टोरी ऑफ आर्ट' १९५० सालचं. ते आजही विकलं जातं आणि आजही वाचावंसं वाटतं, हे प्रामाणिकपणे कबूल करते. पुण्यात असताना मी ते दोनदा वाचलं. पण त्याची अनुक्रमणिका उघडा. गुहाचित्रं, 'आदिम' लोक आणि प्राचीन अमेरिका हे सगळं पहिल्या प्रकरणात. इस्लामी जग आणि चीन मिळून पुढे एक प्रकरण. बाकी कथा भूमध्यसागराकडून उत्तरेकडे आणि मग अमेरिकेकडे जाते. गंमत म्हणजे पहिल्या प्रकरणातल्या बऱ्याच वस्तू, उदाहरणार्थ माओरी कोरीवकाम, एकोणिसाव्या शतकातल्या किंवा त्यानंतरच्या आहेत. काळाच्या हिशोबाने त्या शेवटच्या प्रकरणांत यायला हव्यात. पण एकदा 'आदिम' म्हटलं, की त्यांना तारीख लागत नाही.

अलीकडे हे बदलायचे प्रयत्न झाले आहेत. येल विद्यापीठाने २०२० मध्ये 'रेनेसाँ ते आजपर्यंत' हा आपला प्रसिद्ध प्रास्ताविक कोर्स बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच्या जागी हस्तकला, सिल्क रोड, पवित्र स्थळं अशा विषयांवरचे कोर्स आणायचं ठरवलं. ब्रिटनमध्ये बारावीच्या पातळीवरचा कला-इतिहासाचा विषय २०१६ मध्ये बंदच पडणार होता. तो वाचला आणि २०१७ पासून नव्या अभ्यासक्रमात युरोपबाहेरची कला सक्तीची झाली. आता शिक्षकांपुढे प्रश्न येतो, की शिकवायचं कशावरून? सोपं उत्तर असतं: शहरातच म्युझियम आहे, त्याच्या स्टोअरमध्ये हजारो वस्तू पडून आहेत, मुलांना घेऊन जा.

तीन म्युझियम, तीन अडचणी

गेल्या तीन वर्षांत मी तीन विद्यापीठांच्या म्युझियममध्ये पुन्हा पुन्हा गेले. प्रेक्षक म्हणून मला तिन्ही आवडतात. इथे मी शिक्षकाच्या नजरेने बोलतेय, म्हणजे इथून मुलगी वहीत काय लिहून नेईल, या नजरेने.

पहिलं पिट रिव्हर्स. तुम्ही गेला नसाल तर जरूर जा. काळोखी हॉल, खचाखच भरलेली काचेची कपाटं, दोऱ्याने बांधलेली हस्ताक्षरातली चिमुकली लेबलं. मांडणी देशाप्रमाणे किंवा काळाप्रमाणे नाही, प्रकाराप्रमाणे आहे. सगळ्या बासऱ्या एकत्र, सगळी कुलपं एकत्र, सगळे मुखवटे एकत्र. या मांडणीमागे मूळ कल्पना उत्क्रांतीची होती: साध्याकडून गुंतागुंतीकडे, 'रानटी'कडून 'सुधारलेल्या'कडे. आज म्युझियम स्वतःच ही कल्पना नाकारतं. २०२० मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेतली आक्रसवलेली मानवी मुंडकी प्रदर्शनातून काढली, लेबलांवरच्या भाषेवरही काम चालू आहे. पण कपाटाची रचना तीच आहे आणि ती एक गोष्ट शिकवते: वस्तू हा 'नमुना' असतो. वीस मुखवट्यांत एकविसावा मुखवटा. तो कोणी, कोणत्या वर्षी, कोणासाठी कोरला आणि शेजारच्या मुखवट्यापेक्षा तो चांगला का आहे, हे विचारायला तिथे जागाच उरत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी तिथे सुंदर स्केचेस केली. निबंधात मात्र सगळ्यांनी 'या लोकांचे मुखवटे' असंच लिहिलं, अनेकवचनात.

दुसरं नॉर्विचचं सेन्सबरी सेंटर. रॉबर्ट आणि लीसा सेन्सबरी या दांपत्याने १९७३ मध्ये आपला संग्रह ईस्ट अँग्लिया विद्यापीठाला दिला, आणि नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेली इमारत १९७८ मध्ये उघडली. विमानाच्या हँगरसारखा एक लांबच लांब हॉल. त्यात फ्रान्सिस बेकनची चित्रं, जियाकोमेत्ती, हेन्री मूर, आणि त्यांच्याच शेजारी, त्यांच्याइतक्याच मानाने आफ्रिका, पॅसिफिक, अमेरिका, आशिया इथली शिल्पं. कला-इतिहासाचा विभागही याच इमारतीत वाढला. १९९० च्या दशकात त्याने 'वर्ल्ड आर्ट स्टडीज' हे नावच घेतलं. माझ्या मते हे धाडसाचं पाऊल होतं. दोन इमारतींची भिंतच तिथे पाडली.

पण शिकवायला गेलं की दुसरी अडचण येते. प्रत्येक वस्तू स्वतंत्र चौथऱ्यावर, छान प्रकाशात, आजूबाजूला मोकळी जागा, आणि मजकूर अगदी कमी. बेकनच्या बाबतीत हे चालतं, कारण त्याच्यावर ग्रंथालयात दोन फळ्या भरून पुस्तकं आहेत. पण लाकडी पुतळ्याच्या बाबतीत विद्यार्थ्याच्या हाती फक्त त्याचा 'आकार' लागतो. मग तो लिहितो, की मूरला अशाच आकारांतून प्रेरणा मिळाली. झालं! पुतळा पुन्हा युरोपच्या कथेत पाहुणा म्हणून आला. समान प्रकाश दिला, समान चौथरा दिला, पण समान माहिती दिली नाही, तर ती समानता अर्धीच राहते.

तिसरं मँचेस्टर म्युझियम, तेही मँचेस्टर विद्यापीठाचं. दीड वर्ष बंद राहून ते फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडलं, आणि त्यात ब्रिटिश म्युझियमच्या भागीदारीतली नवी साउथ एशिया गॅलरी आहे. ती तीस जणांच्या गटाने मिळून घडवली आहे. त्यात कलाकार, शिक्षक, इतिहासाचे अभ्यासक, संगीतवाले असे सगळे आहेत. आत बांगलादेशातून आणून रंगवलेली सायकलरिक्षा आहे, सिंग ट्विन्स या जुळ्या बहिणींनी केलेलं सतरा मीटर लांबीचं भित्तिचित्र आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी एक आजी नातवाला काहीतरी पंजाबीतून समजावत होत्या, आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. इथल्या म्युझियममध्ये आपल्यासारखी माणसं इतक्या हक्काने बोलताना मी आधी पाहिली नव्हती.

तरीही शिक्षक म्हणून एक तक्रार आहे. इथे वस्तूपेक्षा वस्तूभोवतीची आठवण मोठी होते. फाळणी, स्थलांतर, घर, ओळख: विषय महत्त्वाचे आहेतच. पण कापड कसं विणलंय, रंग कुठला, हा नमुना कोणत्या दशकात बदलला, हे विचारणाऱ्या विद्यार्थिनीला फारसं हाती लागत नाही. आज काम करणाऱ्या कलाकारांची नावं ठळक आहेत. जुन्या वस्तूंच्या कारागिरांपाशी येऊन गोष्ट थांबते. शिवाय या पद्धतीत एक छुपा बोजा असतो. तो मला स्वतःला माहीत आहे. मी भारतीय म्हटल्यावर स्टोअरमध्ये मला कुठलीही भारतीय वस्तू दाखवून "हे काय आहे?" असं विचारतात. एकदा नागालँडमधला एक दागिना माझ्यापुढे ठेवला. मी पुण्याची! मला नागालँडबद्दल तितकंच माहीत, जितकं विचारणाऱ्याला फिनलंडबद्दल. समाजाचा आवाज हवाच, पण तो अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही.

थोडक्यात, पहिल्या ठिकाणी वस्तू नमुना होते, दुसऱ्या ठिकाणी नुसता आकार, तिसऱ्या ठिकाणी आठवण. 'हे कोणाच्या हातचं आहे?' हा कला-इतिहासाचा सगळ्यांत जुना प्रश्न तिन्हीकडे बाजूला पडतो.

नाव नव्हतं, की कोणी विचारलं नाही?

इथे तुम्ही म्हणाल, की अहो, माहितीच नसेल तर काय करणार? त्या वस्तूंचे कर्ते अनामिकच होते ना?

हा समज मलाही होता. आपल्याकडेही 'लोककला अनामिक असते' असं सहज म्हटलं जातं. मग मी हायडा लोकांच्या कलेवरचं संशोधन वाचलं. हायडा ग्वाई ही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळची बेटं. तिथलं लाकूडकाम जगप्रसिद्ध आहे. १९६५ मध्ये बिल होम या अभ्यासकाने त्या किनाऱ्यावरच्या कलेचं रूपविश्लेषण प्रसिद्ध केलं. जाड-बारीक होत जाणारी एक मुख्य रेषा सगळं चित्र बांधून ठेवते, ती कशी वळते, डोळ्याचा लंबगोल कसा बसतो, हे सगळं त्याने व्याकरणासारखं मांडलं. एकदा व्याकरण कळलं, की कोण कसं बोलतो तेही ओळखू येतं. चार्ल्स एडनशॉ हा तिथला थोर कलाकार, १९२० मध्ये वारला. पुढे १९८१ मध्ये होमने त्याच्या नावावरच्या कामांची छाननी केली, काही त्याच्याकडे ठेवली आणि काही दुसऱ्या कारागिरांची असल्याचं दाखवलं.

ही पद्धत ओळखीची वाटतेय? एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली हा इटालियन अभ्यासक हेच करत होता. कान आणि नखं कशी रंगवलीत यावरून तो चित्रकार ओळखायचा. आमच्या पहिल्या वर्षाला मोरेल्ली आहे. होम नाही. हत्यार तेच, फक्त ते एका इमारतीतून दुसरीत नेलेलं नाही.

याच्या पुढची गोष्ट मला फार आवडते. २००९ मध्ये हायडा लोकांचं एक पथक इंग्लंडला आलं आणि त्यांनी पिट रिव्हर्समधल्या आपल्या पूर्वजांच्या वस्तू कपाटातून काढून हातात घेतल्या. तिथे एक मोठी कोरीव, रंगवलेली लाकडी पेटी आहे. एकाच फळीला खाचा पाडून, वाफ देऊन तीन कोपऱ्यांवर वाकवायचं आणि चौथा कोपरा सांधायचा, अशी ती बनते. पुढे २०१४ मध्ये ग्वाई आणि जालेन एडनशॉ हे दोघं भाऊ परत आले आणि म्युझियममध्येच, मूळ पेटीशेजारी बसून त्यांनी तशी दुसरी पेटी कोरली. रेष न् रेष बघत, त्या जुन्या कलाकाराने कुठे हात सैल सोडला, कुठे नियम मोडला ते शिकत. माझ्या दृष्टीने हा कला-इतिहासाचा उत्तम वर्ग होता. विद्यार्थी दोन, गुरू अनामिक.

आणि त्या अनामिकपणाची कारणंही इतिहासात आहेत. १८६२ मध्ये देवीच्या साथीने त्या किनाऱ्यावर गावंच्या गावं ओस पडली. १८८४ मध्ये, म्हणजे पिट रिव्हर्स म्युझियम स्थापन झालं त्याच वर्षी, कॅनडा सरकारने पॉटलॅच या समारंभावर बंदीचा कायदा केला. ती बंदी १९५१ पर्यंत टिकली. पेटी, मुखवटे, चमचे हे सगळं ज्या समारंभात वापरायचं तो समारंभच गुन्हा ठरला. नाव सांगणारी माणसं गेली आणि वस्तू जहाजात चढल्या. अशा वेळी लेबलवर 'अनामिक कारागीर' असं लिहिणं फारच सोयीचं आहे.

दुसरं उदाहरण नायजेरियातलं. ओलोवे हा योरुबा शिल्पकार इसे गावचा, १९३८ मध्ये वारला. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्याने कोरलेला दरवाजा १९२४ मध्ये वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात लंडनला आला. ब्रिटिश म्युझियमला तो हवा होता. राजाने तो दिला, पण बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन घेतलं. ओलोवेबद्दल आपल्याला आज जे कळतं त्याचा एक मोठा आधार म्हणजे त्याची ओरिकी. ओरिकी म्हणजे स्तुतिगान, आपल्या बिरुदावलीच्या जवळचं. १९८८ मध्ये जॉन पेम्बर्टन या अभ्यासकाने ती ओलोवेच्या हयात असलेल्या एका पत्नीकडून ऐकून नोंदवली. कलाकार गेल्याला पन्नास वर्षं झाली होती. त्याचं चरित्र कुठल्या दप्तरखान्यात नव्हतं, एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडात होतं. ओवीतून, आरतीतून माणसांची नावं जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

मग मी वर्गात काय बदललं

पुढच्या वर्षी मी विभागाकडे एक मागणी केली: म्युझियमचा एक आठवडा काढून टाका, त्याऐवजी सहा आठवडे अर्धा-अर्धा तास द्या, आणि त्याला शंभरातले वीस मार्क द्या. दोन मीटिंग झाल्या. एका वरिष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "मग टिशियन कधी शिकवणार?" प्रश्न रास्त होता. वेळ रबरासारखी ताणता येत नाही. मी टिशियनचा सेमिनार काढला. टिशियन मला मनापासून आवडतो, आणि तो काढताना वाईट वाटलं. विविधता आणायची आणि काहीच सोडायचं नाही, असं होत नाही. कोणी तसं सांगत असेल, तर तिथे फक्त एक आठवडा वाढवलेला असतो.

दोघादोघांना एकेक वस्तू दिली. सोबत वस्तूचं कार्ड आणि म्युझियमच्या जुन्या रजिस्टरमधल्या नोंदीचा फोटो. प्रश्न पाच: कशाची आणि कशी बनवली? कोणासाठी? अशाच इतर वस्तूंपेक्षा वेगळं काय? इथे कशी आली? आणि हे कार्ड काय सांगत नाही?

चमचा मिळालेल्या जोडीला दुसऱ्याच आठवड्यात दिसलं, की चमच्याचा वाडगा आणि दांडा वेगवेगळ्या शिंगांचे आहेत, रिव्हेट मारून जोडलेले. त्यांनी दांड्यावरच्या नक्षीची रेष न् रेष कागदावर उतरवली. महिनाभराने त्यातला मुलगा म्हणाला, की आता त्याला कुठल्याही फोटोत चांगलं काम आणि घाईचं काम वेगळं ओळखता येतं. एवढं मला पुरे होतं.

मातीची मूर्ती ज्या मुलीकडे होती तिच्या कार्डावर होतं: 'पाणी वाहणारा. माती. भारत. १९वं शतक.' पाठीवरची ती फुगीर पिशवी मला लगेच ओळखू आली. पखाल! चामड्याच्या पिशवीतून पाणी वाहणारा पखालजी. एवढं मी सांगितलं आणि गप्प बसले, कारण पुढचं काम तिचं होतं. तुटलेल्या बोटातून बारीक लोखंडी तार दिसत होती, म्हणजे आत सांगाडा होता. तळाशी चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने 'पूना' लिहिलेलं सापडलं. रजिस्टर सांगत होतं, की एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून ती आली. तिथून ती शोधत गेली. पुणे, लखनौ, कृष्णनगर इथे अशा मूर्ती बनत, प्रदर्शनांत जात, साहेब लोक त्या विकत घेत. 'जाती आणि धंदे' दाखवणारा माल म्हणून. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मातीच्या प्रतिकृतींचे फोटो मी तिला दाखवले. १८७२ साली उघडलेलं ते संग्रहालय तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. तिने निबंधात लिहिलं, की मूर्ती पखालजीचा 'प्रकार' दाखवते, पण बनवणाऱ्याने मानेचा ताण असा पकडलाय, की त्याने एक विशिष्ट माणूस नीट बघितला असणार. यावर वाद घालता येईल. पण हा कला-इतिहासातला वाद आहे, आणि तो एका पुणेरी कुंभाराच्या कामावर होतोय!

सगळं छान झालं असं नाही. गदावाल्या जोडीने निबंध इंटरनेटवरून उचलला. स्टूलवाल्यांच्या रजिस्टरमध्ये 'पश्चिम आफ्रिका' याखेरीज एक शब्द नव्हता. त्यांनी त्या रिकाम्या जागेवरच लिहिलं: त्याच पानावर नैसर्गिक इतिहासाच्या पक्ष्यांच्या नोंदी किती बारकाईने केल्यात आणि स्टूलची कशी एका ओळीत. सगळ्यांत जास्त मार्क त्यांना मिळाले.

लुटीच्या वस्तूंवर विविधता?

एक आक्षेप मी टाळू शकत नाही. ज्या वस्तू जबरदस्तीने आणल्या, त्यांच्यावर आपण आपला अभ्यासक्रम सुधारायचा, हे बरोबर आहे का? बेनिनची ब्राँझ शिल्पं १८९७ च्या ब्रिटिश लष्करी मोहिमेत लुटली गेली. ती स्लाइडवर दाखवून 'बघा, आम्ही आफ्रिकाही शिकवतो' म्हणणं मला जड जातं.

माझं आजचं उत्तर असं: 'इथे कशी आली?' हा प्रश्न परीक्षेत असेल, तर शिकवता येतं. विद्यापीठांची म्युझियम्स इथे थोडी मोकळी आहेत. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने बांधलेत, यांचे तसे नाहीत. अ‍ॅबरडीन विद्यापीठाने २०२१ मध्ये बेनिनच्या ओबाचं शिर नायजेरियाला परत केलं. मँचेस्टर म्युझियमने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आनिंदिल्याक्वा लोकांना १७४ वस्तू परत दिल्या. वस्तू परत गेली तर शिकवायचं काय, असं विचारणाऱ्यांना मी हायडा पेटी आठवायला सांगते. वस्तूभोवतीचं नातं टिकलं, तर शिकणं थांबत नाही.

आणि आपल्याकडे?

इथल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी पुण्यात कला-इतिहास शिकले तेव्हा दोन पेपर होते, भारतीय आणि पाश्चात्य. आफ्रिका नव्हती, पॅसिफिक नव्हता, इंडोनेशियासुद्धा धावता. जोत्तोची चित्रं मला तोंडपाठ होती, ओलोवेचं नाव मी तिशीत ऐकलं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस, रोम इथली प्राचीन शिल्पं एकत्र मांडली गेली. ब्रिटिश म्युझियम आणि बर्लिनच्या संग्रहालयांतून शिल्पं आली होती. भारतीय शिल्प मधोमध ठेवून ग्रीसकडे बघणं ही मोठी गोष्ट होती, आणि ती मुंबईत झाली याचा अभिमान वाटला. पण त्या यादीतही जग म्हणजे 'महान प्राचीन संस्कृती'च. शिंगाचा चमचा कोरणारे त्यात कुठेच नाहीत. आपल्याच अभ्यासक्रमात वारली चित्रं आणि पुण्याच्या मातीच्या मूर्ती कुठल्या पेपरात येतात, तेही एकदा तपासून बघा.

या वर्षी नव्या बॅचला घेऊन त्याच स्टोअरमध्ये गेले. तेच टेबल, तेच निळे मोजे. पखालजीच्या कार्डावर आता 'पुणे', 'पखाल' आणि 'आत लोखंडी तार' अशी भर पडली आहे, म्युझियमनेच घातलेली. पाचेक मिनिटांत मागून आवाज आला, "हे परीक्षेला आहे का?"

"हो," मी म्हटलं. "वीस मार्कांना."